घराची पारख आणि परवाना : गवंड्याच्या साक्षीपासून वायरमनच्या सहीपर्यंत

प्रास्ताविक

बेळगाव शहराच्या दक्षिणेस, खानापूर रस्त्यालगत उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत आहे. (शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी असे झाले.) 'उद्यम' हा संस्कृत शब्द आणि 'बाग' हा फारसी. दोन परंपरांचे शब्द या नावात सहज एकत्र आले आहेत. येथील फाउंड्र्या, यंत्रभागांचे कारखाने आणि हायड्रॉलिक यंत्रे तयार करणारे उद्योग यांमुळे या सीमाभागात कसबी कामगारांची मोठी वस्ती झाली. याच परिसरात १९७९ मध्ये स्थापन झालेले गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे हाताने शिकलेले कसब आणि पदवीने सिद्ध झालेले ज्ञान या ठिकाणी एकमेकांच्या शेजारी नांदतात.

घर बांधून झाले, त्यात वायर आणि पाइप टाकले गेले, की एक प्रश्न उरतो. हे घर राहण्यास सुरक्षित आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेसारख्या देशात यासाठी 'होम इन्स्पेक्टर' हा परवानाधारक व्यावसायिक आहे. भारतात या नावाचा परवाना कोणत्याही कायद्याने दिला जात नाही. येथे घराची पारख अनेक कागदांत विभागलेली आहे. नकाशावर वास्तुशास्त्रज्ञाची सही असते, नळजोडणीवर परवानाधारक प्लंबरची, वायरिंगवर विद्युत कंत्राटदाराची, आणि घराच्या किमतीवर नोंदणीकृत मूल्यांकनकाराची. ही विभागणी कशी झाली आणि तिच्यात हाताने काम करणाऱ्या माणसाचे स्थान कोठे राहिले, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

साक्ष देणारा गवंडी

परीक्षा घेऊन परवाना देण्याची पद्धत युरोपात आधुनिक काळात सुरू झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. इ.स. ९३१ मध्ये बगदाद येथे एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला, तेव्हा खलिफा अल्-मुक्तदिर याने सिनान इब्न साबित या ज्येष्ठ वैद्याकडे शहरातील वैद्यांची परीक्षा घेण्याचे काम सोपविले. त्या वेळी आठशेहून अधिक वैद्य तपासले गेले, असे इतिहासकारांनी नोंदविले आहे. परवान्याच्या इतिहासात पुढे वारंवार दिसणारा क्रम येथेच आढळतो : आधी अपघात होतो, मग परीक्षा येते, आणि शेवटी कागद येतो.

घरांच्या बाबतीत ही जबाबदारी दोन व्यक्तींत वाटलेली होती. पहिली व्यक्ती मुहतसिब. बाजारातील वजनमापांची तपासणी, रस्त्यावरचे अतिक्रमण, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर पडू पाहणारी कललेली भिंत हे विषय त्याच्या अखत्यारीत येत. परंतु त्याच्या अधिकाराला उंबरठ्याची मर्यादा होती. अकराव्या शतकातील विधिज्ञ अल्-मावर्दी याने मुहतसिबाने लोकांच्या घरातील झाकलेल्या गोष्टी उकरून काढू नयेत, असे स्पष्टपणे मांडले आहे. रस्त्याला जे धोकादायक ते मुहतसिबाचे, आणि घराच्या आत जे बिघडले ते तक्रार आल्यानंतर काजीचे, अशी ही विभागणी होती.

काजीला भिंतीतले काही कळत असेलच असे नाही. म्हणून दुसरी व्यक्ती महत्त्वाची ठरली. ती म्हणजे जाणकार कारागीर. या परंपरेतील सर्वांत ठळक नाव ट्युनिस येथील इब्न अल्-रामी याचे आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेला हा मनुष्य पेशाने गवंडी होता. 'अल्-बन्ना' म्हणजे गवंडी, अशीच त्याची ओळख होती. ट्युनिसच्या काजींसाठी तो वादग्रस्त घरे, भिंती आणि गटारे प्रत्यक्ष पाहून अहवाल देत असे. या अनुभवातून त्याने बांधकामाच्या नियमांवर एक स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. सामाईक भिंत कोणाची, शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी चालेल की नाही, धूर आणि सांडपाणी यांचा त्रास कसा मोजावा, हे विषय त्यात आहेत. त्याशिवाय विकलेल्या घरातील दोषांवर त्यात स्वतंत्र विवेचन आहे. वस्तूत लपलेला दोष निघाला तर खरेदीदाराला व्यवहार मोडता येतो, हे फिकहमधील सुपरिचित तत्त्व आहे. घराच्या बाबतीत हा दोष लपलेला होता की उघड दिसत होता, मोठा की किरकोळ, हे ठरविण्यासाठी गवंड्याची साक्ष लागे. आजचा होम इन्स्पेक्टर जे काम करतो त्याचाच हा गाभा आहे.

त्याच ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दून याने 'मुकद्दिमा'मधील बांधकामाच्या कसबावरील प्रकरणात हीच गोष्ट नोंदविली आहे. दाट वस्तीच्या शहरात लोक जमीन, हवा आणि पाण्याची वाट यांवरून भांडतात. कोणी शेजाऱ्याची भिंत पडेल म्हणून तक्रार करतो, कोणाला वाटणी हवी असते. अशा वेळी राज्यकर्ते बांधकामातील जाणकारांचे मत घेतात, असे तो सांगतो. येथे लक्षात घेण्याजोगा मुद्दा असा की, ज्याने आयुष्यभर भिंती बांधल्या त्याचाच भिंतीविषयीचा शब्द न्यायालयात चालत असे. हात आणि साक्ष यांच्यात अंतर नव्हते.

इलाख्याचा कायदा : हात आणि कागद वेगळे झाले

दख्खनमध्ये कारागिराची राज्याकडे नोंद होत असे ती प्रामुख्याने करासाठी. मराठी कागदपत्रांत येणारा 'मोहतर्फा' हा कर कसबी आणि व्यापारी लोकांवर होता. हा शब्द अरबी 'हिर्फा', म्हणजे कसब, याच धातूशी नाते सांगतो. गावगाड्यात सुताराची किंवा लोहाराची परीक्षा कोणी घेत नसे. त्याचे वतन, त्याचा लौकिक आणि पिढ्यान्पिढ्यांची ओळख हीच त्याची हमी होती. गाव लहान असेपर्यंत ही व्यवस्था पुरेशी ठरली. शहर वाढले, बांधणारा आणि राहणारा एकमेकांना अनोळखी झाले, तेव्हा ती अपुरी पडू लागली.

ब्रिटिश राजवटीबरोबर आलेली पद्धत लंडनच्या अनुभवातून घडलेली होती. तेथे १७७४ च्या इमारत कायद्याने विभागवार सर्वेक्षकांची तरतूद केली, आणि १८५५ च्या कायद्याने अशा सर्वेक्षकांची परीक्षा घेण्याचे काम वास्तुशास्त्रज्ञांच्या रॉयल इन्स्टिट्यूटकडे दिले. म्हणजे इमारत तपासणारा माणूस आता बांधणाऱ्यांमधून नव्हे, तर परीक्षा दिलेल्यांमधून येऊ लागला. मुंबई इलाख्यात या विचाराचे स्पष्ट रूप १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात दिसते. या कायद्याने आयुक्तांना सर्वेक्षक आणि प्लंबर यांना परवाने देण्याचा अधिकार दिला. सर्वेक्षक आणि प्लंबर हे दोन शब्द एकाच कलमात शेजारी यावेत, ही बाब अर्थपूर्ण आहे. सर्वेक्षकाचा परवाना शिक्षणाच्या वाटेने पुढे अभियंता, वास्तुशास्त्रज्ञ आणि संरचना-अभियंता यांच्याकडे गेला. प्लंबरचा परवाना मात्र हाताने काम करणाऱ्याजवळ राहिला.

घराच्या विक्रीविषयी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम ५५ महत्त्वाचे आहे. खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळू शकणार नाही असा मालमत्तेतील मोठा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो उघड करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. परंतु 'साधारण काळजी' घ्यायची म्हणजे काय पाहायचे, आणि ते कोणी पाहायचे, याविषयी कायदा मौन बाळगतो. इब्न अल्-रामीच्या जागी येथे कोणीच नेमलेले नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने (रेरा) ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निघालेल्या संरचनात्मक दोषाची जबाबदारी विकासकावर टाकली. तथापि, जुने घर घेणाऱ्या सामान्य कुटुंबाला त्याचा उपयोग नाही.

विजेचे तीन कागद

भिंतीच्या बाबतीत कारागीर परवान्याबाहेर गेला. विजेच्या बाबतीत मात्र वेगळे घडले. भारतात विजेपासून जीवित व मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी पहिला कायदा १८८७ मध्ये झाला. त्यानंतर १९०३ चा आणि पुढे दीर्घकाळ लागू राहिलेला १९१० चा भारतीय वीज कायदा आला. १९१० च्या कायद्याने विद्युत निरीक्षकाचे पद निश्चित केले. या कायद्याखाली तयार झालेल्या १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील नियम ४५ प्रत्येक वायरमनच्या परिचयाचा होता, कारण त्याची रोजी त्यावर अवलंबून होती.

या नियमाचा आशय असा होता : ग्राहकाच्या जागेत वीजमांडणीचे कोणतेही काम, मग ते नवे असो, वाढीव असो वा दुरुस्तीचे, तीन कागदांशिवाय होऊ नये. ते परवानाधारक कंत्राटदारामार्फत व्हावे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हाती राज्य सरकारने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना असावा. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणे यांसारखी किरकोळ कामे यातून वगळली होती. २००३ च्या वीज कायद्यानंतर हे नियम जाऊन त्यांची जागा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि नंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली. तरीही कंत्राटदार, पर्यवेक्षक व वायरमन ही त्रिस्तरीय रचना टिकून राहिली.

या रचनेचे वैशिष्ट्य म्हणजे ती एक शिडी आहे. वायरमन अनुभव आणि परीक्षा यांच्या बळावर पर्यवेक्षक होऊ शकतो, आणि पर्यवेक्षकाला कंत्राटदारीचा मार्ग खुला असतो. पात्रतेचे तपशील राज्याराज्यांत भिन्न असले, तरी हाताने काम करणारा माणूस तपासणीच्या सहीपर्यंत पोहोचू शकेल अशी वाट कायद्यानेच ठेवलेली आहे. गवंड्याला, सेंटरिंगवाल्याला किंवा फरशी बसविणाऱ्याला अशी वाट नाही.

दुसरे वैशिष्ट्य ज्ञानाच्या स्वरूपाचे आहे. वायरमनची तपासणी मोजता येते. मेगरने ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन वायरच्या आवरणाचा रोध किमान १ मेगओहम आहे की नाही हे पाहता येते. अर्थिंगचा रोध मोजता येतो. बटण फेजच्या वायरवर आहे की चुकून न्यूट्रलवर, हे टेस्टरने समजते. बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच राहते, आणि बल्ब बदलणाऱ्याला धक्का बसतो. भिंत रंगवून चकचकीत केली की असा दोष खरेदीदाराला दिसत नाही. जाणकार वायरमनला तो काही मिनिटांत सापडतो.

सीमेवरचा परवाना

हे नियम झाले त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचनेने बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन मैसूर राज्यात गेला. जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. वीज नियम सर्व देशासाठी एक होते, पण परवाना देणारे सरकार बदलले. एकाच बाजारात कामाला येणारे कारागीर दोन राज्यांच्या परवाना मंडळांत विभागले गेले.

निपाणीच्या बाबतीत ही अडचण अधिक स्पष्ट दिसते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर आहे. तंबाखूचा व्यापार, सोयरीक, शिक्षण आणि मजुरी यांचे धागे दोन्ही बाजूंना विणलेले आहेत. कारागीर सकाळी कागलकडे जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो. त्याचा परवाना मात्र आपोआप सीमा ओलांडत नाही. नियम ४५ मध्ये 'दिलेला किंवा मान्य केलेला' असे शब्द होते. यांतील 'मान्य केलेला' या शब्दांतच सीमाभागातील कारागिराचे हित दडलेले होते. ही मान्यता मागायची कोठे आणि अर्ज कसा करायचा, हे माहीत नसल्यास हाताशी असलेला परवाना राज्याच्या हद्दीवर निरुपयोगी ठरतो. मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्या तरुणापुढे सरकारी अर्जाच्या आणि परीक्षेच्या भाषेची अडचण त्यात भर घालते.

उसनी सही

नवीन वीजजोडणी घेताना वितरण कंपनीकडे वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. बेळगाव भागात २००२ पासून हुबळी वीजपुरवठा कंपनी (हेस्कॉम) हे काम पाहते. त्या रिपोर्टावर परवानाधारक कंत्राटदाराची सही आवश्यक असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वायरिंग एक करतो आणि सही दुसऱ्याची येते. ज्याने भिंत फोडून पाइप बसविले त्याचे नाव कागदावर नसते, आणि ज्याचे नाव आहे त्याने ते घर पाहिलेले असतेच असे नाही.

या उसन्या सहीमुळे दोघांचेही नुकसान होते. घरमालकाला खोटी खात्री मिळते. काम करणाऱ्याला मजुरी मिळते, पण अनुभवाची नोंद मिळत नाही. त्यामुळे वीस वर्षे काम केलेला कारागीरही कागदोपत्री अननुभवी राहतो, आणि शिडीच्या पहिल्याच पायरीवर अडतो. काही बरेवाईट घडले तर दोष मात्र प्रथम त्याच्यावर येतो.

कायद्याची दिशाही लक्षात घेण्यासारखी आहे. २०१० च्या विनियमांनी ठरावीक दाबापर्यंतच्या मांडणीचे स्वयंप्रमाणन मालकावर सोपविले. मालकाला या कामी साहाय्य करण्यासाठी २०१८ च्या दुरुस्तीने 'चार्टर्ड इलेक्ट्रिकल सेफ्टी इंजिनिअर' हा नवा व्यावसायिक मान्य केला. भारतात घराच्या तपासणीच्या परवान्याच्या सर्वांत जवळ जाणारे हे पद आहे. परंतु नावाप्रमाणेच ते अभियंत्याचे पद आहे. इलाख्याच्या काळात भिंतीबाबत जे घडले तेच विजेबाबत घडू लागल्याची ही खूण मानता येईल.

तपासणी ढिली पडली तर काय होते, हे सांगण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९ मार्च २०१९ रोजी शेजारच्या धारवाडमध्ये बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळून १९ जण मृत्युमुखी पडले. २४ ऑगस्ट २०२० रोजी रायगड जिल्ह्यातील महाड येथे पाच मजली निवासी इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. प्रत्येक इमारतीमागे नकाशे, परवानग्या आणि सह्या यांची एक साखळी असते. घर पाहिल्यावाचून झालेली सही या साखळीत किती महाग पडू शकते, याची आठवण अशा घटना करून देतात.

परदेशातील दोन धडे

अमेरिकेत घर तपासणाऱ्यांची मोठी व्यावसायिक संस्था १९७६ मध्ये स्थापन झाली. पुढील दशकात टेक्सासने या व्यवसायाला कायद्याच्या चौकटीत आणले. तेथे शिकाऊ, निरीक्षक आणि व्यावसायिक निरीक्षक अशा पायऱ्या आहेत. ही रचना आपल्या वायरमन-पर्यवेक्षक शिडीशी जुळणारी आहे. मात्र तेथेही सर्व राज्यांत परवाना सक्तीचा नाही. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात तो नाही.

दुसरा धडा इंग्लंड-वेल्सचा आहे, आणि तो शिक्षणसंस्थांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. २००४ च्या गृहनिर्माण कायद्याने घर विकताना माहितीसंच देणे बंधनकारक करण्याचे ठरविले. घराच्या स्थितीचा अहवाल त्याचा भाग असणार होता. त्यासाठी होम इन्स्पेक्टरची खास पदविका सुरू झाली आणि अनेकांनी पैसे भरून प्रशिक्षण घेतले. जुलै २००६ मध्ये सरकारने हा अहवाल सक्तीचा नसल्याचे जाहीर केले. माहितीसंच २००७ मध्ये आले आणि मे २०१० मध्ये स्थगित झाले. पदविका हाती राहिली, पण तिची मागणी निर्माण करणारी सक्ती उरली नाही. प्रमाणपत्र आणि परवाना यांतील भेद यावरून स्पष्ट होतो. प्रमाणपत्र शिकल्याचा पुरावा देते. परवाना कायद्याने काम करण्याचा अधिकार देतो.

समारोप

नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिम समाज मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगार आणि कारागिरीत असल्याचे दाखवून दिले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची (आयटीआय) दारे मदरशात शिकलेल्या मुलांसाठीही उघडावीत, असेही त्या अहवालाने सुचविले होते. २०१५ नंतर कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देणारी प्रमाणपत्रे सुरू झाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु पूर्वानुभवाचे प्रमाणपत्र म्हणजे वायरमनचा परवाना नव्हे. परवाना राज्य सरकारचे सक्षम प्राधिकरणच देते. हा फरक विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशीच सांगितला गेला पाहिजे.

या आढाव्यातून महाविद्यालयीन अध्यापकांसाठी तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, भारतात मागणी नसलेल्या परदेशी नावाच्या अभ्यासक्रमापेक्षा वायरमन आणि प्लंबर यांच्या परवान्याची तयारी करून घेणे अधिक उपयुक्त ठरेल, कारण कायद्याने खुल्या ठेवलेल्या वाटा याच आहेत. दुसरी, अनुभवाची नोंद. कोणत्या घरात, कोणत्या पर्यवेक्षकाखाली, किती दिवस काम केले याची वही ठेवण्याची सवय विद्यार्थ्याला लावली, तर उसन्या सहीच्या चक्रातून तो बाहेर पडू शकतो. यासाठी मोठा खर्च लागत नाही. तिसरी, अर्जाची भाषा आणि दोन्ही राज्यांच्या मंडळांची कार्यपद्धती यांविषयी सीमाभागातील संस्थांनी माहिती केंद्रे चालवावीत.

ट्युनिसच्या गवंड्याने घर पाहिले, मग साक्ष दिली आणि त्या साक्षीची जबाबदारी स्वीकारली. परवान्याचा अर्थ सात शतकांनंतरही याहून वेगळा नाही. उद्यमबागेच्या आसपास राहणाऱ्या तरुण कारागिराकडे पाहण्याची नजर आणि हात दोन्ही आहेत. त्याने स्वतः केलेल्या कामाखाली त्याची स्वतःची सही यावी एवढेच अंतर उरले आहे. ते कमी करणे शिक्षणसंस्थांच्या आवाक्यातील काम आहे.